बडोद्यातल्या कंपनीसाठी ग्राहक-समाधानाचा सर्व्हे: यादी मागण्यापासून अहवाल देईपर्यंत

महाराजा सयाजीराव विद्यापीठात कॉमर्स, मॅनेजमेंट किंवा स्टॅटिस्टिक्स शिकणाऱ्या मुलामुलींना प्रोजेक्टसाठी कंपनी हवी असते. मकरपुरा, पोर, सावली, हालोल या पट्ट्यातल्या कारखान्यांना आपल्याबद्दल ग्राहक काय म्हणतात ते कळायला हवं असतं. या दोघांची गाठ पडायला फारसे कष्ट लागत नाहीत. कष्ट पुढे आहेत, कारण कंपनीने त्यावरून काही बदलावं इतकं खरं काम हातून व्हावं लागतं. व्हॉल्व्ह, पंप, पॅनेल, ट्रान्सफॉर्मरचे सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या-मध्यम कंपन्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे. त्यांचा ग्राहक म्हणजे दुसरी कंपनी, आणि वर्गात शिकवलेली बहुतेक उदाहरणं तिथे थेट लागू पडत नाहीत.

शिक्षण आणि कारखाना यांची जोडी बडोद्याला नवी नाही. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था सुरू केली ती याच हेतूने. तिची घडी बसवणारे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर पुढे १९०७ मध्ये अलेम्बिक या औषधकंपनीच्या संस्थापकांत होते, आणि त्यांच्यासोबत प्राध्यापक कोटिभास्करही. ग्राहक-समाधानाच्या बाबतीतही विद्यापीठाने पुढे होण्याची परंपरा आहे. अमेरिकेतला राष्ट्रीय ग्राहक-समाधान निर्देशांक १९९४ मध्ये उभा राहिला तो मिशिगन विद्यापीठात, क्लेस फॉर्नेल यांच्या पुढाकाराने.

कंपन्या तयार का होतात, ते आधी समजून घ्या. आयएसओ ९००१:२०१५ या गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या मानकातलं ९.१.२ हे कलम सांगतं की आपल्या गरजा आणि अपेक्षा कितपत पुऱ्या झाल्या याबद्दल ग्राहकांना काय वाटतं, त्यावर कंपनीने लक्ष ठेवावं. त्यासाठी सर्व्हेच करावा असं कलमात नाही. ग्राहकांशी बैठका, वॉरंटीचे दावे, डीलरचे अहवाल हेही मार्ग तिथे सुचवलेले आहेत. तरी बहुतेक कंपन्या वर्षाकाठी एक फॉर्म मेलने पाठवतात, पंधरा-वीस भरून येतात, सरासरी काढून फाइलला लागते. तुमचा प्रोजेक्ट याच फाइलसाठी वापरायचा विचार असेल तर पहिल्याच भेटीत स्पष्ट विचारा: ‘या अभ्यासावरून तुम्ही नेमकं काय ठरवणार आहात?’ डिस्पॅचची पद्धत बदलायची आहे, सर्व्हिस इंजिनिअर वाढवायचा आहे, सुटलेली गिऱ्हाइकं परत आणायची आहेत, असं एखादं उत्तर मिळालं तर काम घ्या. ‘सगळंच बघा’ असं उत्तर आलं तर आणखी अर्धा तास बसा आणि एक निर्णय ठरवूनच उठा. प्रश्नावलीतला प्रत्येक प्रश्न त्या निर्णयाला उपयोगी पडतो का, हे पुढे त्यावरूनच ताडता येतं.

विद्यार्थी कंपनीला असं काय देतो जे तिचा स्वतःचा सेल्सवाला देऊ शकत नाही? त्रयस्थपणा. पुढच्या ऑर्डरचा भाव ज्याच्याशी ठरवायचा आहे त्याच्यासमोर ग्राहक मोकळं बोलत नाही, युनिव्हर्सिटीतून फोन करणाऱ्या मुलीशी बोलतो. यादी, करार, फोन, अहवाल या सगळ्या पायऱ्यांवर हा त्रयस्थपणा जपायचा असतो, आणि तो गेला की उरलेल्या आकडेमोडीला काही अर्थ राहत नाही.

तो पहिल्यांदा धोक्यात येतो यादीपाशी. कंपनी आपणहून जी यादी देते तिच्यात मालकांचे चांगले संबंध असलेली तीस-चाळीस नावं असतात. यात लबाडी असतेच असं नाही, पटकन आठवणारी नावं दिली जातात. तुम्ही मागायचं ते टॅलीतून काढलेलं गेल्या अठरा महिन्यांचं विक्री-रजिस्टर: पार्टीचं नाव, बिलांची संख्या, एकूण रक्कम, शेवटच्या बिलाची तारीख. रकमा दाखवायला मालक कचरत असतील तर रकमेऐवजी मोठा-मध्यम-लहान असा गट लिहून द्या म्हणावं, पण नावं सगळी हवीत. त्याहीआधीच्या वर्षात माल नेला आणि नंतर बंद झाले अशा पार्ट्यांची वेगळी यादी घ्या. कंपनी का सोडली हे सांगणारी माणसं तिथेच असतात, आणि नेमकी हीच यादी मागायची राहून जाते.

समजा रजिस्टरमध्ये २४० पार्ट्या निघाल्या. पुस्तकातलं सूत्र ९५ टक्के विश्वासपातळी आणि पाच टक्के चुकीची मर्यादा धरून ३८५ चा नमुना मागतं. एकूण संख्याच २४० असल्यामुळे सुधारणा करून तो १४८ वर येतो. पण सगळ्या पार्ट्या सारख्या धरून चिठ्ठ्या टाकण्यात इथे शहाणपण नाही, कारण मोजक्या पार्ट्या बहुतेक धंदा देत असतात. रकमेप्रमाणे उतरती यादी लावा. समजा वरच्या २४ पार्ट्या ७० टक्के विक्री देतात, पुढच्या ६६ पार्ट्या २० टक्के आणि उरलेल्या १५० पार्ट्या १० टक्के. मग पहिल्या गटातल्या सगळ्यांना भेटायचं, दुसऱ्यातून ३३ आणि तिसऱ्यातून ४५ चिठ्ठ्या काढायच्या. एकूण १०२ झाल्या. चार जणांच्या गटाला हे झेपतं.

अशा नमुन्याची थेट सरासरी काढायची नसते, आणि अहवाल नेमके इथेच फसतात. समजा पहिल्या गटात २४ पैकी १४ समाधानी, दुसऱ्यात ३३ पैकी २५, तिसऱ्यात ४५ पैकी ४०. सरळ बेरीज केली तर १०२ पैकी ७९, म्हणजे ७७ टक्के. प्रत्येक गटाला त्याच्या खऱ्या संख्येचं वजन दिलं तर ग्राहकांपैकी ८२ टक्के समाधानी. विक्रीचं वजन दिलं तर फक्त ६५ टक्के. उत्तरं तीच आणि आकडे तीन. यातला पहिला कशाचाच नाही, तो टाकून द्या. उरलेले दोन शेजारी-शेजारी ठेवले की मालकांना लगेच दिसतं की नाराजी मोठ्या पार्ट्यांकडे साठली आहे.

आता प्रत्येक पार्टीत बोलायचं कोणाशी? किमान तीन माणसं असतात: खरेदी अधिकारी, माल उतरवून तपासणारा स्टोअर किंवा क्वालिटीचा माणूस, आणि प्रत्यक्ष मशीनवर तो भाग बसवणारा मेंटेनन्सवाला. तिघांचं मत तीन तऱ्हेचं असतं. खरेदी अधिकारी किमतीला कधीच चांगले गुण देणार नाही. दर पटला असं कबूल केलं तर पुढच्या वेळी घासाघीस कशी करायची? म्हणून किमतीवरचं त्याचं उत्तर वेगळं नोंदवा आणि त्यावरून ‘आमचा माल महाग आहे’ असा निष्कर्ष काढू नका. डिलिव्हरी, कागदपत्रं, बिलातल्या चुका यांवर मात्र त्याच्याइतकं नेमकं कोणी बोलत नाही. व्हॉल्व्ह गळतो का, गॅस्केट सोबत येतं का, मॅन्युअल कळतं का, हे मेंटेनन्सला विचारा. मोठ्या २४ पार्ट्यांत तिघांनाही गाठा. बाकीच्या ठिकाणी ज्याच्याशी बोललात त्याचं पद नोंदवा आणि विश्लेषणात ते कायम सोबत ठेवा.

करार एका पानाचा पुरतो, पण लेखी हवा आणि मार्गदर्शक प्राध्यापकांची सही हवी. कंपनीतली एकच संपर्क-व्यक्ती, प्रवासखर्च कोणाचा, कंपनीचं नाव न घेता अभ्यास छापता येईल का, एवढं त्यात असू द्या. सर्वांत महत्त्वाची अट ही की नावासकट मूळ उत्तरं कंपनीला मिळणार नाहीत. सेल्सच्या माणसाकडून ‘फक्त एकदा शीट दाखव’ अशी मागणी येतेच. तेव्हा हे पान कामाला येतं. फोन नंबर ही वैयक्तिक माहिती आहे आणि २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा संमती आणि ठरावीक हेतू यांवर उभा आहे. यादी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. ती एका संगणकावर पासवर्डखाली ठेवा आणि काम संपलं की पुसा.

प्रश्नावलीबद्दल थोडं सविस्तर. ग्रंथालयात सर्व्हक्वाल सापडतं: परशुरामन, झाइथामल आणि बेरी यांची १९८८ ची मोजपट्टी, पाच परिमाणं आणि २२ विधानं, तीही अपेक्षा आणि अनुभव अशी दोनदा, म्हणजे ४४ उत्तरं. बँक, दुरुस्तीसेवा अशा धंद्यांसाठी घडवलेली ही पट्टी जशीच्या तशी उचलली की व्हॉल्व्ह घेणाऱ्याला ‘कर्मचाऱ्यांचा पोशाख नीटनेटका असतो का’ असं विचारायची वेळ येते. त्यातली विश्वासार्हता आणि तत्परता ही दोन परिमाणं घ्या आणि प्रश्न कंपनीच्या कामातून बनवा. त्यासाठी आधी एक दिवस डिस्पॅच विभागात बसा, गेल्या वर्षाच्या डेबिट नोट आणि रिजेक्शनच्या नोंदी वाचा. प्रश्नांचा निम्मा मजकूर तिथेच मिळतो.

फोनवर सात मिनिटांच्या पुढे माणूस थांबत नाही, म्हणजे बारा ते पंधरा प्रश्न. एकूण समाधानाचा प्रश्न सुरुवातीलाच घ्या. तपशिलातल्या तक्रारी आठवून झाल्यावर तो विचारला तर उत्तरावर त्यांचा रंग चढतो. मग शेवटच्या ऑर्डरवर या, ‘साधारणपणे कसं असतं’ यापेक्षा ‘गेल्या वेळचा माल आला तेव्हा’ याचं उत्तर भरवशाचं मिळतं. ‘गुणवत्ता आणि डिलिव्हरी कशी वाटते’ असा जोडप्रश्न नको, कारण माल उत्तम पण उशिरा येत असेल तर त्याने काय सांगावं? ‘माहीत नाही’ हा पर्याय ठेवाच, नाहीतर स्टोअरवाला तांत्रिक सल्ल्यालाही तीन गुण देऊन मोकळा होतो. महत्त्व विचारताना प्रत्येक गोष्टीला गुण मागितले तर सगळंच ‘फार महत्त्वाचं’ येतं. म्हणून सात बाबी वाचून दाखवा आणि त्यातल्या फक्त दोन निवडायला सांगा. शेवटी एक मोकळा प्रश्न: ‘पुढच्या सहा महिन्यांत या कंपनीने एकच गोष्ट सुधारावी असं वाटलं तर कोणती?’ उत्तर त्याच्याच शब्दांत लिहा, सारांश करू नका.

शून्य ते दहा गुणांचा ‘शिफारस कराल का’ हा प्रश्न कंपन्यांना आवडतो. फ्रेड राइकहेल्ड यांनी २००३ मध्ये मांडलेल्या नेट प्रमोटर स्कोअरमध्ये ९-१० देणारे शिफारस करणारे, ७-८ तटस्थ आणि ० ते ६ नाराज धरतात, आणि पहिल्या टक्क्यातून शेवटचा टक्का वजा करतात. दोन अडचणी आहेत. आपल्याकडे शाळेपासून सहा म्हणजे प्रथम श्रेणी, त्यामुळे सहा देणारा नाराजच असतो असं धरता येत नाही. त्याने सहा का दिले हे विचारून घ्या. दुसरी अडचण गणिताची. शंभर जणांत ५० शिफारस करणारे आणि २० नाराज असतील तर स्कोअर ३० येतो, पण त्याची चुकीची मर्यादा जवळपास १५ अंकांची असते. गेल्या वर्षी ३० होता आणि यंदा ३८ झाला, यावरून सुधारणा झाली असं म्हणता येत नाही. हे वाक्य अहवालात लिहायचं धाडस ठेवा.

फॉर्म गुजराती, हिंदी आणि इंग्रजीत तयार हवा. पुणे, चाकण, नाशिककडच्या ग्राहकांसाठी मराठीतही करा. बडोद्यातल्या मराठी घरांतल्या मुलांना इथे फार मोठी सोय आहे, कारण हालोलच्या स्टोअरवाल्याशी गुजरातीत आणि चाकणच्या मेंटेनन्सवाल्याशी मराठीत तीच मुलगी सहज बोलते. फक्त सगळ्या भाषांतल्या प्रश्नांचा रोख एकच आहे ना, हे त्या भाषा बोलणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून उलट भाषांतर करून तपासा. मग आठ-दहा जणांवर चाचणी घ्या. ती लहान पार्ट्यांवर घ्या, मोठ्या २४ पैकी एकही नाव त्यात खर्च करू नका.

वेळापत्रकाला मोठं महत्त्व आहे. नवरात्रात सकाळच्या फोनला कोणी दाद देत नाही, दिवाळीपासून लाभपंचमीपर्यंत कारखाने बंद, १४-१५ जानेवारीला उत्तरायण आणि मार्चमध्ये वर्षअखेर. दुसऱ्या सत्रात काम असेल तर डिसेंबरात आखणी, २० जानेवारी ते २० फेब्रुवारी फोन आणि भेटी, मार्चमध्ये विश्लेषण, असं बसवा. महिन्यातले दिवसही पाहा. छोट्या कंपनीत खरेदी आणि हिशेब एकच माणूस बघतो. ११ तारखेच्या आसपास जीएसटीआर-१ आणि २० तारखेच्या आसपास ३-बी ही जीएसटीची विवरणपत्रं भरायची असतात तेव्हा त्याला त्रास देऊ नका. सोमवारची सकाळ मीटिंगची. मंगळवार ते शुक्रवार, अकरा ते एक आणि तीन ते पाच, ही वेळ बरी. साप्ताहिक सुट्टी प्रत्येक वसाहतीत वेगळी असू शकते, आधी विचारा.

गूगल फॉर्मची लिंक पाठवून वाट बघत बसणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाया जाणारा मार्ग आहे. भरतात ते फार खूश असलेले किंवा फार चिडलेले. मधले, म्हणजे बहुसंख्य, लिंक उघडतही नाहीत. त्याऐवजी कंपनीच्या मालकांच्या सहीचं छोटं पत्र तीन दिवस आधी जाऊ द्या: युनिव्हर्सिटीचे विद्यार्थी फोन करतील, कोणी काय सांगितलं ते आम्हाला कळणार नाही. मग तुम्ही फोन करायचा. ‘नमस्कार साहेब, मी युनिव्हर्सिटीतून बोलतेय. सात मिनिटं लागतील, आत्ता जमेल की चार वाजता करू?’ वेळ निवडायला दिली की नकार कमी येतात. एकाच नंबरवरून फार फोन झाले की ट्रूकॉलरवर तो स्पॅम दिसू शकतो आणि मग पुढे कोणी उचलत नाही. फोन चौघांत वाटून घ्या आणि नावात विद्यापीठाचा उल्लेख ठेवा. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी आणि वेळी तीनदा प्रयत्न करा. त्यानंतरही मिळाला नाही तर त्याच गटातलं पुढचं चिठ्ठीतलं नाव घ्या, ‘सोपं’ नाव घेऊ नका. दिवसाला एका मुलाचे आठ-दहा पूर्ण फोन किंवा दोन-तीन भेटी होतात, याहून जास्त धरून नियोजन करू नका. भेटीला जाताना कंपनीचा सेल्सवाला ‘मी गाडीने सोडतो’ म्हणतो. त्याच्यासोबत जाऊ नका. तो बाहेर गेटवर थांबला तरी आत उत्तरं बदलतात.

एखादा ग्राहक गंभीर तक्रार सांगेल, जसं की व्हॉल्व्ह चालू लाइनवर गळतोय. तेव्हा मुलाखत संपवताना विचारा: ‘ही तक्रार तुमच्या नावासह कंपनीला कळवू का?’ हो म्हणाला तर त्याच दिवशी कळवा आणि त्याची संमती नोंदवा. नाही म्हणाला तर गप्प राहा, कितीही चुकल्यासारखं वाटलं तरी.

रोज संध्याकाळी उत्तरं शीटमध्ये भरा आणि दहा टक्के मुलाखती गटातल्या दुसऱ्याने परत फोन करून तपासा. सगळ्या प्रश्नांना चारच गुण, मोकळ्या प्रश्नाला उत्तर नाही आणि वेळ दोन मिनिटं, अशी नोंद दिसली तर ती मुलाखत पुन्हा घ्यावी लागते. क्रॉनबॅकचा अल्फा, म्हणजे प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात याचं माप, ०.७ च्या वर आला म्हणून निर्धास्त होऊ नका. सरसकट चार-चार लिहिणाऱ्यांमुळेही अल्फा फुगतो. सहसंबंध काढताना संख्या सांभाळा: ३० उत्तरांत सहसंबंध सुमारे ०.३६ च्या वर गेला तरच पाच टक्के पातळीवर दखल घेण्याजोगा ठरतो, शंभर असतील तर ०.२ पुरतो.

विश्लेषणातलं सर्वांत फायद्याचं काम म्हणजे उत्तरं कंपनीच्या नोंदींशी ताडून पाहणं. कंपनी म्हणते ९५ टक्के माल वेळेवर जातो, ग्राहक म्हणतात उशीर होतो. दोघं खोटं बोलत नसतात. कंपनी तारीख धरते ती माल गेटबाहेर पडल्याची, ग्राहक धरतो ती आपल्या स्टोअरमध्ये उतरल्याची. मधले तीन-चार दिवस ट्रान्सपोर्टच्या गोदामात जातात. पन्नास ऑर्डर काढा, एलआरची, म्हणजे ट्रान्सपोर्टरच्या माल-पावतीची तारीख आणि ग्राहकाच्या स्टोअरमधली आवक-तारीख समोरासमोर लिहा. बऱ्याचदा उपाय कारखान्यात नसतोच, ट्रान्सपोर्टर बदलणं किंवा एलआरचा नंबर त्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर कळवणं एवढ्याने काम भागतं. विद्यार्थ्यांच्या अहवालातली अशी एक शिफारस वीस आलेखांपेक्षा मोलाची, असं माझं ठाम मत आहे.

कंपनीसाठीचा अहवाल चार पानांचा ठेवा, प्रबंध वेगळा. पहिल्या पानावर सुरुवातीला ठरवलेला निर्णय आणि त्यावर तुमचं उत्तर. पाचपेक्षा कमी ग्राहकांचा गट तक्त्यात वेगळा दाखवू नका, नाहीतर मालक अंदाजाने नाव ओळखतात. ग्राहकांची वाक्यं देताना मशीनचं नाव, गावाचं नाव, ऑर्डरचा आकार काढून टाका. सादरीकरणाला मालकांसोबत डिस्पॅच आणि क्वालिटीचे प्रमुखही बसावेत असा आग्रह धरा, कारण बदल त्यांच्या हातून व्हायचा असतो.

जाताना पुढच्या बॅचसाठी प्रश्नावली, कोडिंगची चावी (कोणत्या उत्तराला कोणता आकडा दिला त्याचा तक्ता), गट पाडण्याची पद्धत आणि किती फोनमागे किती मुलाखती मिळाल्या याची नोंद विभागात जमा करा, नावांची यादी सोडून. एकूण समाधान, डिलिव्हरी आणि तक्रारीची दखल हे तीन प्रश्न शब्दही न बदलता पुढच्या वर्षी त्याच क्रमाने विचारायला सांगा. वर्षभराने तुलना करता येईल ती त्याच तीन प्रश्नांवर.